एका पेनीच्या गाण्याचे गिऱ्हाईक

आयर्लंडमध्ये अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात गाणी सुटी विकली जात. हलक्या, पातळ कागदाची साधारण वीतभर लांबीची पट्टी. ती एकाच बाजूने छापलेली असे. वर लाकडी ठशाचे एखादे चित्र आणि खाली एक किंवा दोन गाणी. किंमत अर्धी पेनी, फार तर एक पेनी. विकणारा जत्रेत, बाजारात किंवा चर्चबाहेर उभा राहून आधी स्वतः गाऊन दाखवायचा. ऐकणाऱ्याला गाणे भावले की तो कागद घ्यायचा. इंग्रजीत या कागदांना ‘ब्रॉडसाइड बॅलड’ म्हणतात.

बॅलड म्हटले की मराठी वाचकाला पोवाडा आठवतो आणि त्याला कारणही आहे. हॅरी अ‍ॅक्वर्थ या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १८९४ मध्ये त्यांच्या इंग्रजी भाषांतराला नाव दिले ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’. पण आयरिश बॅलड म्हणजे केवळ वीरांचे गुणगान नव्हे. त्यात फसलेले प्रेम होते, खून आणि फाशी होती, निवडणुकीतली भांडणे, घोड्यांच्या शर्यती, बुडालेली जहाजे आणि अमेरिकेला गेलेला मुलगाही होता. पोवाडा, लावणी आणि वर्तमानपत्र असे तिन्ही एकाच कागदावर मिळावे, तसा तो प्रकार होता.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या भाच्यामुळे. तो डब्लिनला नोकरी करतो. त्याच्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. आजोबांच्या वेळची एक जाडजूड वही त्यांच्याकडे होती आणि तिच्या पानांवर दीडशेच्या वर अशा गाण्यांच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. घराचे छप्पर गळत होते, दुरुस्तीला पैसे हवे होते. मी जुनी कागदपत्रे चाळत बसतो हे भाच्याला ठाऊक. त्याने काही पानांचे फोटो पाठवले आणि विचारले, “मामू, ह्याला गिऱ्हाईक कुठं मिळेल?”

प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधताना लक्षात आले, की या कागदांना गेल्या दोनशे वर्षांत एक नव्हे, अनेक प्रकारची गिऱ्हाईके लाभली आहेत. प्रत्येकाने हे कागद वेगळ्या कारणासाठी घेतले. आज त्यांची किंमत ठरवायची तर आधी हा सगळा प्रवास पाहावा लागतो.

पहिले गिऱ्हाईक : ज्याला वाचता येत नव्हते

१८४१ च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये पाच वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही छापील गाण्यांचा धंदा जोरात चालला, कारण कागद विकणारा आधी आवाज विकत असे. घेणारा ते गाणे ऐकून घरी जाई आणि चाल कानात धरून ठेवी. शब्द विसरला तर वाचता येणाऱ्या कोणाकडून वाचून घेई. चालीचे स्वरलेखन सहसा त्या कागदावर नसेच. कागद हा गाण्याचा निम्मा भाग होता, उरलेला निम्मा गायकाच्या गळ्यात असे.

छापणारे मुद्रक छोटे होते. डब्लिनमध्ये ब्रेरेटन आणि नुजंट, कॉर्कमध्ये हॅनोव्हर स्ट्रीटवरचा हेली ही त्यातली काही नावे. या धंद्यात कॉपीराइटचा प्रश्न कोणी विचारत नसे. एका शहरात खपलेले गाणे दुसऱ्या शहरातला मुद्रक बेधडक छापी. रचणाऱ्याचे नाव बहुतेक वेळा नसेच. चित्रांचे लाकडी ठसे पुन्हा पुन्हा वापरले जात, म्हणून प्रेमगीतावर जहाज आणि शोकगीतावर नाचणारी जोडी असा प्रकार सर्रास दिसतो. आयरिश भाषेतील काही गाणी तर इंग्रजी वर्णोच्चाराप्रमाणे छापली गेली. आयरिश बोलणाऱ्या अनेकांना आपली भाषा तिच्या स्वतःच्या लेखनपद्धतीत वाचता येत नसे, कारण शिकवले जाई ते इंग्रजीच. भाषा घरात होती आणि अक्षरे परकी, ही स्थिती त्या कागदांवर जशीच्या तशी उमटली आहे.

गाणाऱ्यांमध्ये सर्वांत मशहूर झाला तो डब्लिनचा मायकल मोरान. लहानपणीच अंध झालेला हा गायक ‘झोझिमस’ या टोपणनावाने ओळखला जाई. तो १८४६ मध्ये वारला. पुढे डब्ल्यू. बी. येट्स यांनी १८९३ च्या ‘द केल्टिक ट्वायलाइट’ या पुस्तकात त्याच्यावर लेख लिहिला. ज्याला वाचता येत नाही असा गायक, ज्यांना वाचता येत नाही असे श्रोते आणि या दोघांच्या मध्ये छापील कागद. हे पहिले गिऱ्हाईक गाणे घेत होते. गाणे पाठ झाले की कागदाचे काम संपले. मग तो भिंतीला चिकटवला जाई, फाटे किंवा चुलीत जाई. म्हणून ज्या गाण्याच्या शेकडो प्रती खपल्या असतील, त्याची आज एखादीच प्रत हाती लागते.

दुसरे गिऱ्हाईक : पोलीस

१७९८ चा उठाव, १८०३ मधील रॉबर्ट एमेटचे बंड, डॅनियल ओकॉनेलची आंदोलने, महादुष्काळ, १८६७ चा फेनियन उठाव. या प्रत्येक घटनेवर रस्त्यावर गाणी आली. नोव्हेंबर १८६७ मध्ये मँचेस्टरला तीन फेनियन कार्यकर्त्यांना फाशी झाली, तेव्हाही त्यांच्यावरची गाणी लगोलग छापून विकली गेली. वर्तमानपत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना राजकारण कळायचे ते असे.

सरकारला ही गाणी आवडण्याचे कारण नव्हते. गायकांना पकडले जाई. रस्ता अडवला, शांतता भंग केली, राजद्रोह पसरवला असे आरोप ठेवले जात. पोलीस अधिकारी पुरावा म्हणून गाण्याचा कागद जोडून वरिष्ठांना अहवाल पाठवत. गंमत अशी, की त्या अहवालांसोबत काही कागद सरकारी दप्तरात जाऊन पडले आणि म्हणूनच टिकले. आज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ब्रिटिश प्रशासनाच्या जुन्या फायलींमध्ये ते सापडतात. जॉर्ज-डनी झिमरमान या स्विस अभ्यासकाने १९६० च्या दशकात आयरिश बंडाच्या गाण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. ज्याला मिटवायचे होते त्यानेच जपून ठेवले, हा वसाहतींच्या इतिहासातला नेहमीचा उलटा न्याय आहे.

पण पोलिसांनी निवडून ठेवले ते फक्त राजकीय. दुष्काळात उपाशी असलेल्या आईचे किंवा बोटीत बसणाऱ्या मुलीचे गाणे त्यांच्या लेखी पुरावा नव्हते. दप्तरांच्या भरवशावर इतिहास लिहिला तर आयरिश माणूस सतत बंडच करत होता असे वाटेल. तो प्रेमही करत होता, दारूही पीत होता, घोड्यावर पैसेही लावत होता. हे सांगणारे कागद पोलिसांनी उचलले नाहीत.

तिसरे गिऱ्हाईक : सुशिक्षित रसिक

१८४२ मध्ये चार्ल्स गॅव्हन डफी, थॉमस डेव्हिस आणि जॉन डिलन यांनी ‘द नेशन’ हे साप्ताहिक काढले. हे तरुण राष्ट्रवादी होते, गाण्याची ताकद त्यांना कळत होती. मात्र रस्त्यावरची गाणी त्यांना ओबडधोबड वाटत. त्यांनी स्वतः नवी, सुसंस्कृत बॅलड लिहिली आणि छापली. डफी यांनी १८४५ मध्ये आयर्लंडच्या बॅलड-काव्याचा संग्रहही काढला. लोकांसाठी गाणे हवे, पण लोकांचे गाणे नको, अशी ती भूमिका होती.

पुढच्या काळात उलट लाट आली. साध्या माणसाचे जुने गाणे अचानक मोलाचे ठरू लागले. येट्स यांनी स्लायगोमधील एका वृद्ध बाईला अर्धवट आठवणाऱ्या तीन ओळींवरून एक कविता रचली, ती १८८९ मध्ये छापली गेली. त्यांच्या बहिणीच्या कुआला प्रेसने १९०८ ते १९१५ या काळात ‘अ ब्रॉडसाइड’ नावाची मासिक पत्रके काढली. चित्रे होती भाऊ जॅक येट्स यांची, रंग हाताने भरलेले आणि प्रती फक्त तीनशे. पेनीच्या कागदाची ही देखणी, महाग नक्कल होती. आज लिलावात कुआलाची पत्रके कलावस्तू म्हणून विकली जातात. ज्या रस्त्यावरच्या कागदावरून ती सुचली, तो मात्र अनेकदा गठ्ठ्याने जातो. जुनी आयरिश गाणी विकायला काढणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा. दोन्हींना ‘ब्रॉडसाइड’ म्हणतात, पण दोन्हींचा बाजार वेगळा आहे.

याच परंपरेत पण वेगळ्या वृत्तीचे म्हणून कोल्म ओ लोख्लिन यांचे नाव घ्यावे लागेल. ते डब्लिनचे मुद्रक. १९३९ मध्ये त्यांनी ‘आयरिश स्ट्रीट बॅलड्स’ हे पुस्तक काढले. शंभराहून अधिक गाणी, त्यांच्या चाली आणि जुने ठसे असे सारे त्यात होते. दुसरा भाग १९६५ मध्ये आला. कागद आणि गळा यांची जी फारकत झाली होती, ती त्यांनी पुन्हा जुळवली. पुढे लोकगीतांची लाट आली तेव्हा अनेक गायकांनी याच पुस्तकातून गाणी उचलली.

आणि रस्ता तरी कुठे पूर्ण थांबला होता? केरी काउंटीत ट्रॅव्हलर या भटक्या समाजातील लोक १९४० च्या दशकातही जत्रेत छापील गाणी विकत. काही जण छापखान्यात जाऊन गाणे तोंडी सांगत, मुद्रक ते उतरवून घेई आणि गठ्ठा छापून देई. फ्रँक हार्ट हे डब्लिनचे वास्तुविशारद आणि मोठे गायक-संग्राहक. बॉइल गावच्या जत्रेत एका फिरत्या गाणी-विक्रेत्याला ऐकून आपल्याला या गाण्यांचा नाद लागला, असे ते सांगत. म्हणजे विसाव्या शतकातला एक मोठा संग्राहकही सुरुवातीला त्या पहिल्याच प्रकारचे गिऱ्हाईक होता : कानाने घेणारा.

जळालेले दप्तर आणि उरलेले कागद

या कागदांचे ऐतिहासिक मोल वाढण्याचे आणखी एक कारण आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळाले. शतकांची दप्तरे राख झाली. १८२१ ते १८५१ या जनगणनांचे घरोघरचे तक्तेही त्यात बहुतांश गेले. १८६१ ते १८९१ चे तक्ते तर त्याआधीच सरकारने नष्ट केले होते. महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांची नावे जिथे घरागणिक लिहिलेली असती, ती पानेच राहिली नाहीत.

अशा देशात एखाद्या खेड्याचे, तिथल्या नदीचे, एखाद्या जमीनदाराचे किंवा जहाजाचे नाव घेणारे पेनीचे गाणे म्हणजे साधी रद्दी नव्हे. ते पुरावा म्हणून कच्चे असेल, त्यात अतिशयोक्ती असेल. पण खालून वर पाहणाऱ्याची नजर त्यात आहे आणि ती सरकारी तक्त्यात कधीच नव्हती.

मग विकायचे कोणाला?

भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की वहीतला एकही कागद सोडवू नकोस. जुन्या वहीत कोणी, कोणत्या क्रमाने काय चिकटवले, हाही इतिहास असतो. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला, तो तपकिरी पडून तुटतो. त्याला ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाहीत.

दुसरे, यादी कर. या कागदांवर सहसा तारीख नसते. खाली मुद्रकाचे नाव-पत्ता असेल तर तोच काळ ठरवण्याचा धागा, कारण मुद्रक जागा बदलत आणि अमुक पत्त्यावर ते अमुक वर्षे होते हे अभ्यासकांनी शोधून ठेवले आहे. स्टीव्ह राऊड या इंग्रज ग्रंथपालाने तयार केलेल्या सूचीत हजारो लोकगीतांना क्रमांक दिलेले आहेत. तेच गाणे वेगवेगळ्या नावांनी छापले गेले असेल तरी क्रमांकाने ओळखता येते. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने आपले बॅलड इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. आपला कागद तिथे आहे का, हे घरबसल्या पाहता येते. तिथे नसेल तर मोल वाढते.

तिसरे, ठिकाणे. डब्लिनचे राष्ट्रीय ग्रंथालय, ट्रिनिटी कॉलेज, १९८७ मध्ये स्थापन झालेले आयरिश पारंपरिक संगीताचे अभिलेखागार, बेलफास्टचे लिनन हॉल ग्रंथालय, अमेरिकेत बॉस्टन कॉलेजचे बर्न्स ग्रंथालय. हे झाले संस्थांचे जग. दुसरीकडे दुर्मीळ पुस्तकांचे विक्रेते आणि लिलावघरे.

भाच्याने आठ रविवार बसून यादी केली. बाईंनी एका विक्रेत्याला वही दाखवली. त्याला हवे होते फक्त बंडाचे अकरा कागद. फ्रेम करून भिंतीवर लावणारे गिऱ्हाईक त्याच्याकडे तयार होते आणि त्या अकरांचे तो बरे पैसे देत होता. बाकीच्या वहीत त्याला रस नव्हता. एका ग्रंथालयाने सगळी वही देणगी म्हणून आनंदाने घेऊ असे कळवले. पैसे मात्र त्यांच्याकडे नसलेल्या कागदांपुरतेच देता येतील, असेही लिहिले.

भाचा चिडला. “मामू, ह्यांना फुकट पाहिजे सगळं.” मला त्या ग्रंथालयाचा राग आला नाही. सार्वजनिक संस्थेचे पैसे मोजके असतात आणि त्यांच्याकडे आधीच असलेले कागद त्यांनी पुन्हा का घ्यावेत? विक्रेताही वाईट नव्हता, तो बाजाराचे बोलत होता. पण बाजाराची निवड आणि जुन्या पोलिसांची निवड एकच निघाली, याचे मला नवल वाटले. दोघांनाही फक्त बंडाची गाणी हवी होती. उरलेल्यांना दोघांच्या लेखी किंमत नव्हती. ते अकरा कागद काढून घेतले असते तर मागे उरली असती एक फाटकी वही, जिला पुढे कोणीच विचारले नसते.

गळक्या छपराखाली राहणाऱ्या बाईंना ‘इतिहासासाठी त्याग करा’ असे दुरून सांगण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच सुचवले, की आधी प्रत्येक पानाचे चांगले स्कॅन करून घ्या आणि मग वही यादीसकट एकच लॉट म्हणून विका. यादी असलेली वही आणि यादी नसलेली वही यांच्या किमतीत फरक पडतो, कारण यादीमुळे संस्थांना आपल्याकडे नसलेले दिसते आणि त्या बोली लावायला तयार होतात. बाईंनी तेच केले. वही अख्खी गेली, एका संस्थेकडेच गेली. अकरा कागदांचे जे मिळणार होते त्याहून रक्कम थोडी जास्त आली, फार नव्हे. छपराचा अर्धा खर्च निघाला. उरलेल्यासाठी त्यांनी कर्ज काढले.

किंमत आणि मोल

या सगळ्यातून मला दिसते ते असे. पहिल्या गिऱ्हाइकाने गाणे घेतले आणि कागद फेकला. पोलिसाने आणि संग्राहकाने कागद ठेवला, गाणे सोडले. आजचा बाजारही कागदाचीच किंमत करतो. त्याची स्थिती, दुर्मीळता आणि विषय पाहिले जातात. हे चूक नाही, पण हे अर्धेच आहे.

म्हणून जुन्या गाण्यांचा संग्रह विकताना सर्वांत जास्त पैसे देणारा शोधणे हा एक प्रश्न आहे आणि योग्य गिऱ्हाईक शोधणे हा दुसरा. योग्य गिऱ्हाईक तो, जो संग्रह फोडणार नाही, अभ्यासकाला तो पाहू देईल आणि गायकाला त्यातले गाणे उचलू देईल. असा घेणारा दर वेळी मिळतोच असे नाही. मिळाला तर तो चार पैसे कमी देतो. विकणाऱ्याला ते परवडेलच असेही नाही आणि त्यासाठी त्याला दोष देता येणार नाही. मात्र यादी आणि स्कॅन या दोन गोष्टी कोणालाही परवडतात. त्या केल्या तर कागद कुठेही गेला तरी शब्द मागे राहतात.

ज्यांची नावे जनगणनेच्या तक्त्यांबरोबर जळाली, त्यांच्या तोंडी ही गाणी होती. त्यांनी एका पेनीला जे विकत घेतले ते आपल्यापर्यंत पोचले आहे. त्यातले बंडाचे तेवढे निवडून ठेवायचे आणि उपाशी आईचे, बोटीत बसलेल्या मुलीचे टाकून द्यायचे, एवढी जुन्या पोलिसांची चूक तरी आपण पुन्हा करू नये.